हवेतल्या १०,००० रेणूंत जेमतेम ४ कार्बन डायऑक्साइडचे, मग अवरक्त किरण अडतात कसे?

भिंगरी

बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे, म्हणून सरळ धागाच काढते. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, आरगॉन ०.९३ टक्के. कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दर दहा लाख रेणूंमागे ४२०) थोडा पुढे, म्हणजे दर १०,००० रेणूंमागे ४ च्या आसपास. औद्योगिक क्रांतीच्या आधी तो २८० पीपीएम होता, म्हणजे १०,००० मध्ये ३ सुद्धा नाही.

जमिनीतून निघणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, हा वायू शोषतो हे मान्य. पण उरलेले ९,९९६ रेणू काय करत असतात? आणि मधल्या एवढ्या मोकळ्या जागेतून किरण निसटून का जात नाहीत? मला राजकारण नको, धोरणं नकोत, फक्त यंत्रणा समजून घ्यायची आहे.

तिरपागडा

जागा पकडून ठेवतो. हाच प्रश्न मी विचारला की लोक अंगावर येतात. ०.०४ टक्के वायूने ग्रह तापतो यावर विश्वास ठेवायचा तर आधी कोणीतरी हिशेब दाखवावा.

खडूफळा

हिशेब दाखवतो. टक्केवारी हे प्रमाण आहे. किरणाला प्रमाणाशी काही घेणंदेणं नसतं. त्याच्या वाटेत त्याला अडवू शकणारे किती रेणू येतात, एवढंच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं.

समुद्रसपाटीला १ घनसेंटिमीटर हवेत साधारण २५० लाख लाख कोटी रेणू... थांबा, असं लिहिलं की कोणालाच काही कळत नाही. सरळ कार्बन डायऑक्साइडचंच सांगतो: ४२० पीपीएम धरले तर १ घनसेंटिमीटरमध्ये त्याचे सुमारे १०,००० लाख कोटी रेणू असतात. बोटाच्या पेराएवढ्या जागेत! 'मोकळी जागा' हे चित्र इथेच डोक्यातून काढून टाका.

आता जमिनीच्या १ चौरस मीटर तुकड्यावर उभा असलेला हवेचा अख्खा स्तंभ घ्या. त्याचं वस्तुमान १० टनांच्या वर भरतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड असतो साधारण साडेसहा किलो. तेवढा सगळा वेगळा काढून समुद्रसपाटीच्या दाबाला आणून पसरला तर शुद्ध वायूचा ३ मीटरहून थोडा जाड थर होईल. किरणाला बाहेर पडायचं तर हा थर ओलांडावा लागतो. त्यात नायट्रोजन कालवून त्याची जाडी कित्येक किलोमीटर केली म्हणून थरातले रेणू काही कमी होत नाहीत.

आणि ३ मीटर कमी वाटत असतील तर ओझोन आठवा. तो असाच गोळा केला तर थर होतो सुमारे ३ मिलिमीटरचा. तेवढ्यावर सूर्याचे घातक अतिनील किरण अडतात. ओझोनबद्दल 'एवढासा काय करणार' असं कोणी म्हणत नाही, गंमत आहे.

तिरपागडा

ओझोनचा मुद्दा पटला. पण मग नायट्रोजनचा थर तर किलोमीटरांचा झाला की. तो का नाही अडवत? संख्येवरच सगळं असेल तर बहुमत त्याचं आहे.

नीलाक्षरी

वर्णपटशास्त्र, म्हणजे कोणता पदार्थ कोणत्या तरंगलांबीचे किरण शोषतो-सोडतो याचा अभ्यास, हा माझा रोजचा विषय, म्हणून यात पडते.

अवरक्त किरण म्हणजे थरथरणारं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र. त्याने रेणूला धरून हलवायचं तर रेणूत धरण्याजोगं काहीतरी हवं: एका बाजूला थोडा धन प्रभार, दुसऱ्या बाजूला थोडा ऋण, आणि रेणू कंप पावताना हा असमतोल बदलत राहायला हवा. नायट्रोजनचा रेणू म्हणजे दोन एकसारखे अणू. तो कितीही ताणा, दाबा, दोन्ही टोकं सारखीच राहतात. ऑक्सिजनचं तेच. आरगॉन तर सुटा अणू, त्याला कंप पावायला जोडीदारच नाही. त्यामुळे हवेचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग या किरणांना जवळजवळ पारदर्शक असतो. (टकरीच्या क्षणी नायट्रोजनही किंचित शोषण करतो, पण ते फार क्षीण असतं. इथे सोडून देऊ.)

कार्बन डायऑक्साइडमध्ये मध्ये कार्बन आणि दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, तिघे एका सरळ रेषेत. ऑक्सिजनकडे थोडा ऋण प्रभार, कार्बनकडे थोडा धन. हा रेणू तीन प्रकारे थरथरतो. एकात दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर जातात आणि एकदम आत येतात. तिथे समतोल ढळत नाही, म्हणून तो प्रकार अवरक्त किरणांना दिसतच नाही. दुसऱ्यात एक ऑक्सिजन जवळ येतो तेव्हा दुसरा लांब जातो. हा ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण फार जोरात शोषतो. तिसऱ्यात सरळ रेषा मध्यात वाकते, कधी इकडे कधी तिकडे. याची तरंगलांबी १५ मायक्रोमीटर.

पृथ्वीच्या दृष्टीने कळीचा हा तिसराच. जमिनीचं सरासरी तापमान १५ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि एवढ्या तापमानाचा पदार्थ ४.२६ ला फार थोडी ऊर्जा सोडतो. १५ मायक्रोमीटरच्या आसपास मात्र भरपूर. म्हणजे जिथे पृथ्वीचं उत्सर्जन जोरात असतं, नेमका तिथेच हा रेणू वाकतो. सूर्याची बहुतेक ऊर्जा याहून कितीतरी आखूड तरंगलांबीत येते, ती या रेणूला फारशी न शिवता खाली पोहोचते.

रानवारा

४.२६ ला अगदीच कमी लेखू नका. खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी छोटी यंत्रं बहुधा त्यावरच चालतात. आत एक बारीक दिवा, समोर ४.२६ मायक्रोमीटरचा फिल्टर लावलेला संवेदक, मध्ये हवा. वायू वाढला की संवेदकावर कमी किरण पडतात. त्यावर फुंकर मारा, आकडा भसकन वर जातो, कारण आपल्या उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के असतो. ज्यांना 'एवढ्या कमी वायूने शोषण होतं कशावरून' असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी हे यंत्र म्हणजे चालताबोलता पुरावा. काही सेंटिमीटर हवेत ४०० आणि ८०० पीपीएममधला फरक ते सहज दाखवतं.

भिंगरी

वा, हे डोळ्यांसमोर आलं. आता पुढचा प्रश्न. रेणूने किरण शोषला, तो वाकून थरथरू लागला. मग? तोच किरण पुन्हा बाहेर टाकतो का? पुस्तकातल्या चित्रांत तसंच दाखवतात: एक बाण आत, एक बाण बाहेर, अर्धे वर, अर्धे खाली.

नीलाक्षरी

त्या चित्रांवर माझा जुना राग आहे. हवा विरळ असलेल्या फार उंचीवर ती चालतील. जमिनीजवळ नाही.

थरथरणारा रेणू एकटा सोडला तर १५ मायक्रोमीटरचा फोटॉन (किरणाचा एक कण) बाहेर टाकायला त्याला सरासरी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. पण तो एकटा कुठे आहे? समुद्रसपाटीला प्रत्येक रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्यांवर आदळतो. बहुतेक टकरींत कंपनाला धक्का लागत नाही, पण टकरीच इतक्या होतात की सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागात त्याची थरथर शेजारच्या नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या वेगात जिरून जाते. फोटॉन टाकायची पाळी येण्याच्या हजारो पट आधी. म्हणजे शोषलेली ऊर्जा आजूबाजूच्या सगळ्या हवेची उष्णता होते. भिंगरी, तुमच्या ९,९९६ रेणूंचं काम हे. ते किरण घेत नाहीत, पण ऊर्जा वाटून घेतात.

हे उलटही चालतं, आणि ती बाजू लोक विसरतात. टकरींतूनच कार्बन डायऑक्साइडचे रेणू सतत थरथरते होतात. १५ अंशाच्या हवेत कोणत्याही क्षणी त्यांतले ६ ते ७ टक्के वाकण्याच्या पहिल्या कंपन-पातळीवर असतात. त्यांतले मोजकेच फोटॉन टाकतात, पण एकूण रेणू इतके की उत्सर्जन भरपूर होतं. किती होणार हे ठरवतं त्या ठिकाणच्या हवेचं तापमान. आधी कोणता किरण शोषला होता याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सांजपक्षी

पण थंड हवा गरम जमिनीला कशी तापवेल? उष्णतागतिकीचा दुसरा नियम आड येतो ना?

खडूफळा

नाही येत. नियम निव्वळ प्रवाहाबद्दल आहे, आणि निव्वळ प्रवाह गरम जमिनीकडून थंड हवेकडेच असतो. जमीन वर पाठवते सरासरी ३९० वॅट प्रति चौरस मीटर, हवा आणि ढग मिळून खाली पाठवतात सुमारे ३४०. हे खाली येणारे किरण आकाशाकडे तोंड केलेल्या उपकरणाने रात्रीसुद्धा मोजता येतात. तापवतो सूर्य, वातावरण फक्त निचरा मंद करतं. यावर वेगळा धागा काढा हवं तर, इथे नको.

तिरपागडा

ठीक. आता माझा खरा मुद्दा. १५ मायक्रोमीटरचा किरण जमिनीजवळ किती अंतरात शोषला जातो?

नीलाक्षरी

१५ च्या आजूबाजूच्या ज्या पट्ट्यात हा रेणू शोषतो, त्याच्या अगदी मध्यावर? काही मीटरांत.

तिरपागडा

झालं तर मग! काही मीटरांत काम तमाम, आणि वर किलोमीटरच्या किलोमीटर हवा उरली. जे होतं ते सगळं शोषून झालंय. आणखी वायू ओता, शोषायला उरलंय काय? ०.०४ टक्के 'फार कमी' हा माझा मुद्दा तुम्ही खोडलात. पण त्याच हिशेबाने तो 'फार जास्त' ठरतो, आणि वाढल्याने फरक पडत नाही असं निघतं.

खडूफळा

तिरपागडा, हा प्रश्न फालतू नाही. तुमच्या बाजूने मोठी माणसं उभी होती.

थोडा इतिहास सांगतो, कारण वाट इथूनच जाते. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त तापतो असं नोंदवलं. मात्र काच लांब तरंगलांबीचे किरण अडवते, त्यामुळे पृथ्वीच्या उत्सर्जनाबद्दल त्या प्रयोगातून थेट काही कळत नव्हतं. १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी ती अडचण काढली. नळीच्या तोंडांना काचेऐवजी सैंधवाच्या चकत्या लावल्या, कारण सैंधव अवरक्त किरणांना पारदर्शक असतं. कोरड्या हवेतून, नायट्रोजनमधून, ऑक्सिजनमधून किरण जवळपास तसेच पार गेले. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांनी ते अडवले.

१८९६ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी कागदावर हिशेब करून हा वायू वाढला तर तापमान किती चढेल ते मांडलं. आणि १९०० मध्ये क्नुट अँगस्ट्रॉम यांनी, म्हणजे एककवाल्या अँगस्ट्रॉम यांच्या मुलाने, तुमचाच आक्षेप घेतला. त्यांच्या सहकाऱ्याने ३० सेंटिमीटर नळीत वायू भरून किरण सोडले, मग वायू एक तृतीयांशाने कमी केला. पलीकडे येणाऱ्या किरणांत जेमतेम फरक. निष्कर्ष: शोषण संपृक्त आहे, म्हणजे आणखी शोषायला काही उरलेलं नाही, विषय संपला. पुढची कित्येक दशकं बहुतेक शास्त्रज्ञ तसंच मानत होते. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर यांनी तो विषय पुन्हा उकरला, आणि १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी संगणक हाताशी घेऊन थराथराने गणित केलं तेव्हा गाडी रुळावर आली.

भिंगरी

पण चुकलं कुठे? नळीतला प्रयोग तर खरा होता ना?

नीलाक्षरी

नळी म्हणजे वातावरण नव्हे. नळीला एकच दाब, एकच तापमान. वातावरण वर जावं तसं थंड होतं आणि विरळ होतं. सगळं उत्तर त्यात आहे.

प्रश्न 'जमिनीचा किरण कुठे शोषला जातो' असा विचारायचाच नाही. विचारायचं हे: अवकाशात जो किरण निसटतो, तो शेवटी कोणत्या उंचीवरून सुटला?

समजा आपले डोळे फक्त १५ मायक्रोमीटर पाहू शकतात. मग हवा म्हणजे दाट धुकं. जमिनीवर उभं राहिलं तर काही मीटरांपलीकडे दिसणार नाही, आणि ते धुकं स्वतःही उजळलेलं असेल. खालचं धुकं गरम म्हणून जास्त उजळ, वरचं थंड म्हणून मंद. आता अवकाशातून खाली पाहा. जमीन दिसत नाही, धुक्याचा फक्त वरचा काठ दिसतो. त्या काठाची जी उजळी, तेवढीच ऊर्जा पृथ्वी त्या तरंगलांबीत गमावते. मघाचं वाक्य आठवा: उत्सर्जन ठरतं स्थानिक तापमानावरून.

आणखी वायू टाकला की काय होईल? खालची दाटी आधीच पुरेशी आहे, तिथे काही बदलत नाही. पण वरचा काठ आणखी वर सरकतो. तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात, वर म्हणजे थंड, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. थंड काठ कमी ऊर्जा सोडतो. आत येणारी सूर्यऊर्जा तेवढीच, बाहेर जाणारी घटली. मग खालचं सगळं तापत जातं, काठ पुन्हा पुरेसा गरम होईपर्यंत.

सगळ्या तरंगलांबींची सरासरी काढली तर पृथ्वी अवकाशातून उणे १८ अंशांची दिसते, आणि ते तापमान सुमारे ५ किलोमीटर उंचीवर असतं. कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर ही सरासरी उंची दीडशे मीटरांच्या आसपास चढते. ऐकायला किरकोळ. पण दीडशे मीटर म्हणजे १ अंश, आणि तोही वाफ, बर्फ, ढग यांचे पुढचे परिणाम धरायच्या आधी.

तिरपागडा

म्हणजे मध्यावर संपृक्त आहे हे तुम्हालाही मान्य.

नीलाक्षरी

मध्यावर हो, आनंदाने मान्य. तिथे तर काठ इतका वर गेला आहे की तो स्थितांबरात, म्हणजे तपांबराच्या वरच्या थरात, पोहोचतो, आणि तिथे उंचीबरोबर तापमान वाढतं, म्हणून परिणाम उलटा होतो. वायू वाढला की स्थितांबर थंड होतं. मानाबे आणि वेदराल्ड यांच्या १९६७ च्या गणितात हे आलं होतं, पुढे मोजमापांतही दिसलं. सूर्य प्रखर झाल्याने पृथ्वी तापत असती तर वरचा थरही तापला असता.

खरी हालचाल पट्ट्याच्या कडांवर होते. १५ मायक्रोमीटरपासून दोन्ही बाजूंना सरकत गेलं की शोषण घातांकी वेगाने घटतं, पण एकदम शून्य होत नाही. वाकण्याबरोबर रेणू फिरतही असतो, त्यामुळे एका रेषेऐवजी शेकडो रेषांचा पिसारा तयार होतो. कुठेतरी अशी जागा असतेच जिथे हवा अर्धी पारदर्शक आहे. वायू दुप्पट केला की ती जागा ठरावीक अंतराने बाहेर सरकते. पुन्हा दुप्पट केला, पुन्हा तेवढीच. म्हणून परिणाम लॉगरिदमच्या चालीने वाढतो: प्रत्येक दुपटीला सुमारे ३.७ वॅट प्रति चौरस मीटर. २८० वरून ४२० पर्यंत यायला त्याच सूत्राने २ वॅटच्या थोडं वर येतं. वाढीचा जोर ओसरतो हे खरं, शून्य होतो हे खोटं.

रानवारा

अवांतर: त्या कडा एवढ्या रुंद का, याचीही एक मजा आहे. वाकण्याच्या वारंवारतेची दुप्पट आणि त्या 'न दिसणाऱ्या' सममित ताणण्याची वारंवारता या दोन्ही जवळजवळ सारख्या पडतात. योगायोगच. त्यामुळे दोन कंपनं एकमेकांत मिसळतात, पातळ्या दुभंगून दूर सरकतात आणि शोषण जास्त पसरतं. याला फर्मी अनुनाद म्हणतात. जे कंपन किरणांना दिसत नाही, तेच मागच्या दाराने येऊन पट्टा रुंद करतं.

भिंगरी

हा काठ वगैरे फक्त गणितात आहे की कोणी पाहिलाय?

खडूफळा

पाहिलाय. १९७० मध्ये निम्बस-४ उपग्रहाने वरून पृथ्वीचा अवरक्त वर्णपट घेतला. वाळवंटावरच्या आलेखात ८ ते १२ मायक्रोमीटरच्या खिडकीतून, जिथे हवा बरीचशी पारदर्शक असते, तापलेली वाळू स्पष्ट दिसते, मध्येच ओझोनचा छोटा खळगा, आणि १५ पाशी खोल दरी. दरीच्या तळाचं तापमान उणे ५० अंशांच्या आसपास. दरीच्या मधोमध एक बारीक सुळका, तो स्थितांबराचा. अंटार्क्टिकावर तर चित्र पालटतं: बर्फ वरच्या हवेहून थंड, म्हणून दरीच्या जागी उंचवटा. 'स्थानिक तापमानावरून उत्सर्जन' याचा यापेक्षा सुंदर पुरावा मला माहीत नाही.

१९९७ मध्ये दुसऱ्या उपग्रहावरून घेतलेले वर्णपट या जुन्या वर्णपटांशी ताडून २००१ साली प्रसिद्ध झाले. फरक हरितगृह वायूंच्या पट्ट्यांतच दिसला. आणि खालून वर पाहणाऱ्या उपकरणांनी २००० ते २०१० या काळात अमेरिकेत दोन ठिकाणी मोजलं तेव्हा २२ पीपीएम वाढीमागे खाली येणारे किरण सुमारे ०.२ वॅट प्रति चौरस मीटर वाढलेले आढळले.

जाता जाता एक तक्रार: बाटलीत हा वायू भरून दिव्याखाली ठेवायचा शालेय प्रयोग कृपया यासाठी पुरावा म्हणून दाखवू नका. बाटलीच्या भिंती लांब तरंगलांबीचे किरण अडवतात, आणि जड वायूत अभिसरण मंदावतं म्हणूनही पारा चढतो. आरगॉन भरलात तरी तसाच चढेल. योग्य उत्तर चुकीच्या कारणाने आलं तर मी गुण देत नाही.

सांजपक्षी

+१ बाटलीबद्दल. आणि पाण्याची वाफ? ती तर कितीतरी जास्त आहे.

रानवारा

जास्त आहे, पण खालीच साठलेली. वर थंडीत गोठून गळून जाते. जिथे काठ ठरतो त्या उंचीवर हवा फार कोरडी असते, कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मात्र तिथेही जवळपास खालच्याएवढंच.

तिरपागडा

शेवटचा हुकमी पत्ता. मंगळ. तिथलं वातावरण ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. खडूफळांच्या पद्धतीने 'वाटेतले रेणू' मोजले तर पृथ्वीपेक्षा जास्तच निघतील. मग तिथे हुडहुडी का?

खडूफळा

मस्त पत्ता आहे. मोजू या. मंगळावर प्रत्येक चौरस मीटरवर हा वायू दीडशे किलोच्या आसपास, आपल्या साडेसहा किलोच्या वीसपटीहून जास्त. तरी त्याचा हरितगृह परिणाम जेमतेम ५ अंश धरला जातो, आपल्याकडे सगळे वायू आणि ढग मिळून ३३. पुढचं नीलाक्षरींनी सांगावं.

नीलाक्षरी

मंगळावर दाब आपल्या १ टक्क्याहूनही कमी. मघाशी शेकडो रेषांचा पिसारा म्हटलं ना, त्यातली प्रत्येक रेष किती रुंद असणार हे टकरी ठरवतात. टकरी जास्त तर रेषा रुंद, आणि शेजारच्या रेषांमधल्या फटी बुजतात. मंगळावर टकरवायला फारसं कोणी नाही. रेषा सुईसारख्या बारीक, मध्यावर कमालीच्या काळ्या, पण त्यांच्या मधून अवरक्त किरण बिनदिक्कत निघून जातात. शिवाय तिथे पाण्याची वाफ नगण्य, म्हणजे बाकीचा वर्णपटही उघडा.

मंगळावर एवढाच कार्बन डायऑक्साइड ठेवून वर भरपूर नायट्रोजन ओतला, जो स्वतः जवळजवळ काहीच शोषत नाही, तरी तिथला हरितगृह परिणाम वाढेल.

भिंगरी

म्हणजे ९,९९६ जण ऊर्जा तर वाटून घेतातच, वर त्या चौघांच्या रेषाही रुंद करतात!

तिरपागडा

हा नायट्रोजनचा मुद्दा मला आजवर कोणी सांगितला नव्हता. दाबाने रेषा किती रुंदावतात, त्याचा आकडा आहे का?

नीलाक्षरी

समुद्रसपाटीच्या दाबाला रेषेची अर्धी रुंदी साधारण ०.०७ प्रति सेंटिमीटर (वर्णपटातली अंतरं मोजायचं आमचं एकक), आणि लगतच्या दोन मुख्य रेषांमधलं अंतर दीडच्या आसपास. रुंदी दाबाच्या प्रमाणात घटते. मंगळाचा दाब घालून भागाकार तुम्हीच करून पाहा.